गव्हाचा तांबेरा, खपलीची विरासत आणि जनुकाची निशाणी

रब्बीत गहू ओंबीवर आला की पाथरी, मानवत, सोनपेठ भागातल्या शेतकऱ्याची नजर पानांवर असते. पानावर बोट फिरवलं आणि बोटाला नारिंगी भुकटी लागली, की समजायचं तांबेरा आला. मराठीत तांबेरा किंवा गेरवा, हिंदीत गेरुआ, उर्दूच्या शेती-किताबांत कुंगी. नावं वेगळी, बिमारी एकच. पान भाकरी करतं आणि तांबेरा ती भाकरी दाण्यापर्यंत पोचूच देत नाही. दाणा बारीक पडतो, सुरकुततो, आणि पोतं भरलं तरी वजन भरत नाही.

या बिमारीला तोंड देणारे जनुक शोधण्यासाठी शास्त्रज्ञ ‘रेण्वीय चिन्हक’ वापरतात, म्हणजे मॉलिक्युलर मार्कर. शब्द अवघड आहे, पण गोष्ट अवघड नाही. नववीच्या विज्ञानात मेंडेलचा धडा ज्याला समजला, त्याला हेही समजेल. आणि हे समजून घेणं आपल्या कामाचं आहे, कारण या शोधात महाराष्ट्राच्या मातीतल्या एका जुन्या गव्हाचा, खपलीचा, मोठा हिस्सा आहे.

तांबेरा येतो कुठून?

तांबेरा ही बुरशी आहे. तिचे तीन प्रकार आहेत. खोडावर येणारा काळा तांबेरा, पानावर येणारा तपकिरी किंवा नारिंगी तांबेरा, आणि थंड प्रदेशातला पिवळा तांबेरा. आपल्या महाराष्ट्रात हवा गरम असल्यामुळे पिवळ्याचा त्रास होत नाही. काळा आणि तपकिरी हे दोन आपले दुश्मन.

ही बुरशी फक्त जिवंत झाडावर जगते. मग मार्च-एप्रिलमध्ये गहू कापला गेला, मे महिन्यात परभणीत पारा ४२-४४ वर गेला, की ती मरायला पाहिजे. मरतेही. तरी पुढच्या वर्षी परत येते. हे कोडं आग्रा कॉलेजचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सोडवलं. त्यांनी दाखवलं की मैदानी भागात उन्हाळ्यात तांबेरा टिकत नाही. तो डोंगरांवर, दक्षिणेत निलगिरी आणि पलनी टेकड्यांवर तर उत्तरेत हिमालयात, थंड हवेत गव्हावर जगून राहतो. हंगाम सुरू झाला की तिथून त्याचे बीजाणू वाऱ्यावर स्वार होऊन शेकडो किलोमीटर लांब येतात.

याचा अर्थ साधा आहे. आपण आपलं शेत कितीही साफ ठेवलं तरी वाऱ्याला कुंपण घालता येत नाही. फवारणी आहे, पण तिचा खर्च आहे आणि वेळ चुकली तर उपयोग नाही. म्हणून सर्वांत स्वस्त इलाज बियाण्यातच असतो. गहू असा पाहिजे की बीजाणू पानावर पडला तरी त्याला आत शिरकाव मिळू नये.

झाड बिमारीशी कसं लढतं?

काही गव्हांमध्ये एखादं जनुक पहारेकऱ्यासारखं काम करतं. ते एक प्रथिन बनवतं, आणि ते प्रथिन बुरशीची एखादी खूण ओळखतं. ओळख पटली की झाड त्या जागेच्या आपल्याच पेशी मारून टाकतं. तांबेऱ्याला जिवंत पेशी लागते. मेलेल्या पेशीत त्याला खायला काही नाही. पानावर टाचणीच्या टोकाएवढा फिकट ठिपका उरतो आणि बिमारी तिथंच थांबते.

शास्त्रज्ञांनी अशा जनुकांना नंबर दिले आहेत. काळ्या तांबेऱ्याविरुद्धच्या जनुकांना ‘एसआर’ आणि तपकिरीविरुद्धच्यांना ‘एलआर’. एसआर २४, एसआर ३१, एलआर ३४ अशी ही नावं म्हणजे पहारेकऱ्यांच्या बिल्ल्यांचे नंबर समजा.

पण पहारेकरी एकच चेहरा ओळखत असेल, आणि चोराने चेहरा बदलला, तर? तेच होतं. युगांडात १९९८ मध्ये काळ्या तांबेऱ्याची एक नवी जात दिसली. तिला ‘युजी ९९’ म्हणतात. एसआर ३१ हे जनुक राय नावाच्या धान्यातून गव्हात आलेलं, आणि जगभरच्या वाणांत भरवशाचं मानलेलं. युजी ९९ ने त्यालाच चकवलं. उत्तर भारतात लाखो हेक्टरवर पेरला जाणारा पीबीडब्ल्यू ३४३ हा वाणही याच राय-तुकड्याच्या आधारावर उभा होता. २००६ मध्ये केनियात या जातीच्या एका भावंडाने एसआर २४ लाही हरवलं, आणि २००७ मध्ये युजी ९९ इराणमध्ये सापडली. नॉर्मन बोरलॉग यांनी उतारवयात जगाला जागं केलं ते याच धोक्यासाठी. ही जात भारतात आलेली नाही. पण वाऱ्याची दिशा पाहता तयारी आधीच पाहिजे, हे सर्वांना पटलं.

खपलीचं जगाला देणं

इथं आपल्या खपलीची गोष्ट येते. खपली गहू सांगली, सातारा, कोल्हापूर आणि उत्तर कर्नाटकाच्या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या पेरला जातो. दाण्यावर टरफल घट्ट बसलेलं असतं, मळल्यावरही सुटत नाही, कांडावं लागतं. खीर, शेवया, लापशी यासाठी लोक तो मुद्दाम शोधतात. हल्ली शहरात तो ‘आरोग्याचा गहू’ म्हणून महाग विकला जातो.

खपलीची दुसरी ओळख फार कमी लोकांना आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं बियाणं भारताबाहेर गेलं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाचे स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ मध्ये काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी १२ गव्हांचा एक संच ठरवला. तांबेऱ्याचा नमुना या बारा गव्हांवर टाकायचा आणि कोण आजारी पडतं, कोण टिकतं, यावरून जात ठरवायची. त्या बारा गव्हांत एकाचं नाव होतं ‘खपली’. जगभरच्या प्रयोगशाळांत आपला हा शब्द जसाच्या तसा वापरला गेला.

ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाचे वॉटरहाऊस यांनी खपलीचा संकर स्टाइनवेडेल नावाच्या तिथल्या गव्हाशी केला आणि नव्या गव्हाचं नाव ठेवलं ‘खपस्टाइन’. निम्मं नाव आपलं, निम्मं त्यांचं. या खपस्टाइनमधून पुढे जी जनुकं ओळखली गेली, त्यांत एसआर १३ आणि एसआर १४ आहेत. एसआर १३ हे युजी ९९ विरुद्ध काम करणाऱ्या जनुकांपैकी एक आहे, आणि थोड्या गरम हवेत ते जास्त चांगलं काम करतं. इथियोपियातल्या जुन्या गव्हांतही ते आढळतं.

आता प्रश्न असा की हे जनुक रोटीच्या गव्हात आलं आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

निशाणी म्हणजे काय?

गव्हाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात. रोटीच्या गव्हात ४२, खपलीत २८. गुणसूत्र म्हणजे डीएनएची लांब दोरी, आणि तिच्यावर चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. माणसाचा मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे. रोटीच्या गव्हाचा सुमारे १,७०० कोटी. ज्या रोपाला आपण पायाखाली तुडवतो, त्याची किताब आपल्यापेक्षा पाचपटीहून मोठी आहे. ही किताब २०१८ मध्ये नीट वाचून प्रसिद्ध झाली, आणि तिचं एक प्रकरण, ‘२ए’ नावाचं गुणसूत्र, वाचण्याच्या कामात भारतीय शास्त्रज्ञ होते.

एवढ्या मजकुरात एक जनुक शोधणं म्हणजे मोठ्या शहरात फक्त नावावरून माणूस शोधणं. आपण पत्ता कसा सांगतो? ‘जामा मशिदीच्या मागे, पिठाच्या गिरणीला लागून’. गिरणी म्हणजे तो माणूस नव्हे. पण गिरणी सापडली की माणूस सापडतो. रेण्वीय चिन्हक म्हणजे ही गिरणी. जनुकाच्या शेजारी असलेला, सहज ओळखता येणारा डीएनएचा तुकडा.

शेजार का महत्त्वाचा? आईबापाकडून पोराकडे विरासत जाते तेव्हा गुणसूत्रांची अदलाबदल होते. दोरीचे तुकडे इकडचे तिकडे होतात. पण दोन गोष्टी दोरीवर अगदी जवळ असतील तर त्या बहुतेक वेळा एकत्रच जातात. खूण आणि जनुक यांत १ सेंटिमॉर्गन अंतर आहे असं म्हटलं, तर शंभरात साधारण एकदाच त्यांची फाटाफूट होते. म्हणजे खूण दिसली तर ९९ वेळा जनुकही तिथं असणार. आणि जनुकाच्या दोन्ही बाजूंना एकेक खूण धरली, तर फसगत दहा हजारात एकदा.

खूण शोधतात कशी?

आधी एक टिकणारा आणि एक लवकर आजारी पडणारा गहू घेऊन संकर करतात. पहिल्या पिढीची रोपं आपसांत वाढवून दुसरी पिढी घेतात. जनुक एकच आणि प्रभावी असेल तर दुसऱ्या पिढीत मेंडेलच्या नियमानं साधारण तीन रोपं टिकतात आणि एक आजारी पडतं. मुलांनी वहीत चौकोन काढून सोडवलेलं ३:१ इथं शेतात दिसतं.

मग सर्वांत जास्त टिकणाऱ्या रोपांचा डीएनए एका नळीत आणि आजारी रोपांचा दुसऱ्या नळीत एकत्र करतात. दोन्ही नळ्यांत बाकी मजकूर मिसळलेला, सारखाच असतो. फरक दिसेल तो जनुकाच्या आसपासच. ज्या खुणेत फरक सापडला, ती खूण जनुकाची शेजारीण. ही युक्ती १९९१ मध्ये पुढे आली आणि तिनं वर्षांचं काम महिन्यांवर आणलं. पुढे एकेक रोप तपासून खूण आणि जनुक यांतलं अंतर मोजतात.

एसआर १३ चंही असंच झालं. आधी ते ‘६ए’ गुणसूत्राच्या लांब बाजूवर आहे एवढंच माहीत होतं. खुणा जवळ जवळ आणत नेल्या, आणि २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या गटानं खुद्द जनुक हाती घेतलं. आता शेजारची गिरणी शोधायची गरज नाही. घराच्या दारावरचीच पाटी वाचता येते.

प्रयोगशाळेत काय होतं?

रोप दोन-तीन पानांचं झालं की पानाचा छोटा तुकडा कापतात. रोपाला काही होत नाही, ते वाढतच राहतं. तुकड्यातून डीएनए काढतात. मग पीसीआर यंत्रात हव्या त्या तुकड्याच्या नकला काढतात. प्रत्येक फेरीत संख्या दुप्पट होते. ३० फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी होतात. दुपटीचं हे गणित मुलांना फळ्यावर करून दाखवा, डोळे मोठे होतात. शेवटी जेलीसारख्या थरात विजेच्या प्रवाहानं हे तुकडे पळवतात. छोटा तुकडा पुढे जातो, मोठा मागे राहतो.

एक नेमकं उदाहरण पाहा. एलआर ३४ हे तपकिरी तांबेऱ्याविरुद्धचं जुनं, भरवशाचं जनुक. त्याच्या जवळच्या एका खुणेत, जनुक असेल तर तुकडा १५० अक्षरांचा येतो, नसेल तर २२९ अक्षरांचा, कारण ७९ अक्षरं गळालेली असतात. जेलीवर रेघ कुठं आली ते पाहायचं, बस्स. एलआर ३४ चा परिणाम शेतात लहान रोपावर दिसतच नाही. झाड मोठं झाल्यावर बिमारी हळू पसरते, एवढंच कळतं. तिथं हंगामभर वाट पाहण्यापेक्षा पानाच्या तुकड्यावरून निकाल लागतो.

मग फायदा नेमका काय?

पहिला फायदा वेळेचा. नवं जनुक जुन्या चांगल्या वाणात आणायचं तर संकर करून पुन्हा पुन्हा जुन्या वाणाशीच जोडावं लागतं. एका उलट-संकरानंतर सरासरी ७५ टक्के जुना वाण परत येतो, दोनांनंतर ८७.५, तीनांनंतर ९३.७५. खुणांमुळे प्रत्येक पिढीत जनुक असलेलं आणि जुन्या वाणाच्या सर्वांत जवळचं रोप निवडता येतं. खपलीसारख्या २८ गुणसूत्रांच्या गव्हातून ४२ गुणसूत्रांच्या गव्हात काही आणायचं तर हे आणखी गरजेचं, कारण पहिल्या पिढीत ३५ गुणसूत्रं येतात आणि दाणे नीट भरत नाहीत.

दुसरा फायदा जनुकं साठवण्याचा. एक पहारेकरी चकतो. इथियोपियात एसआर १३ लाही चकवणारी जात सापडलेली आहे. म्हणून एका वाणात दोन-तीन जनुकं बसवतात. पण एक जनुक काम करत असताना दुसरं आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, झाड तसंही निरोगीच दिसतं. दुसऱ्या पिढीत दोन जनुकं पक्की बसलेली रोपं सोळात एक, तीन जनुकांची चौसष्टात एक. ती ओळखायची तर खुणेशिवाय मार्ग नाही.

तिसरा फायदा सर्वांत मोठा. युजी ९९ आपल्या देशात नाही, आणि तपासणीसाठी ती आणणं म्हणजे घरात आग आणण्यासारखं. भारतानं आपले गहू केनियात पाठवून तपासून घेतले आहेत. पण रोज निवड करायची तर खूण हवी. बिमारी न आणता बिमारीची तयारी खुणेमुळेच करता येते.

आपल्या राज्यात कोण काय करतं?

महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. तिथल्या थंड, दमट हवेत तांबेरा चांगला वाढतो, म्हणून वाणांची परीक्षा तिथं होते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या केंद्रानं त्र्यंबक, तपोवन असे वाण दिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची सुरुवात १९४६ मध्ये झाली. तिचा एमएसीएस ६४७८ हा वाण सुमारे ११० दिवसांत येतो आणि काळ्या व तपकिरी तांबेऱ्याच्या बहुतेक जातींना तोंड देतो. खपलीचा एमएसीएस २९७१ हा बुटका वाणही याच संस्थेचा. प्रयोगशाळेतली खूण आणि महाबळेश्वरचं शेत, दोन्ही लागतात. खूण सांगते जनुक आहे. शेत सांगतं ते काम करतं का.

आणि परभणीनं हे काम खुणांच्या आधीच्या काळात करून दाखवलेलं आहे. आपल्या कृषी विद्यापीठाच्या जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात भेंडीचा संकर तिच्या रानटी भावंडाशी करून, पिढ्यामागून पिढ्या डोळ्यांनी निवड करत ‘परभणी क्रांती’ दिली. केवडा म्हणजे पिवळ्या शिरांच्या बिमारीला ती तोंड देत होती. पुढे विषाणू बदलला आणि तिची ताकद कमी झाली. धडा तोच, एका वाणावर, एका जनुकावर कायमचा भरवसा ठेवता येत नाही.

काही सवाल, जे घराघरांत विचारले जातात

हे बीटी कपाशीसारखं आहे का? नाही. बीटी कपाशीत एका जीवाणूचं जनुक प्रयोगशाळेत घातलेलं आहे. खुणेच्या पद्धतीत बाहेरून काही घालत नाहीत. गव्हाचा गव्हाशी किंवा त्याच्या नातलग गवताशी संकर होतो, परागकण हातानंच टाकतात. खूण फक्त निवड करायला मदत करते. जनावराचा अंश वगैरे अफवांना इथं जागाच नाही. शीरखुर्म्याच्या शेवया असोत की खिचड्याचे कांडलेले गहू, खाण्यात काही फरक पडत नाही.

शेतकऱ्यानं काय करावं? आपल्या भागासाठी शिफारस केलेला, तांबेऱ्याला तोंड देणारा वाण घ्यावा. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो, तो आणि पक्की पावती जपून ठेवावी. बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा. उशिरा पेरलेल्या गव्हाला तांबेरा जास्त छळतो. युरियाचा मारा करू नये. सगळ्या शिवारात एकच वाण नको. पानावर भुकटी दिसली तर सहायक कृषी अधिकाऱ्याला लगेच दाखवावी.

घरचं जुनं बियाणं असेल तर? फेकू नका. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, इतकंच काय विकायचाही हक्क दिलेला आहे. फक्त कंपनीच्या ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. खपली पेरणाऱ्या शेतकऱ्यानं ती तांबेऱ्याचं औषध म्हणून जपली नव्हती. खीर चांगली होते म्हणून जपली होती. पण त्या सवयीतूनच जगाला एसआर १३ आणि एसआर १४ मिळाले. आपल्या कणगीत आणखी काय आहे, हे तपासल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, आणि जे संपलं ते तपासताच येत नाही.

शेवटी पालकांसाठी. बारावी विज्ञान झालं की आपल्याकडे सगळी धाव नीटकडे. त्यात नंबर लागला नाही की मूल नाउमेद होतं. कृषी आणि कृषी जैवतंत्रज्ञानाची वाट सीईटीतून जाते. परभणीचं विद्यापीठ तासाभराच्या अंतरावर आहे आणि त्याचं जैवतंत्रज्ञान महाविद्यालय लातूरला आहे. पानाचा तुकडा, नळी, जेलीवरची रेघ हे बारीक, शांत, सब्राचं काम आहे; आपल्या मुली ते उत्तम करू शकतात. उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलांनाही भाषेची भीती नको. ‘विरासत’ हा शब्द ज्यांच्या घरात रोज बोलला जातो, त्यांना आनुवंशिकता वेगळी शिकवावी लागत नाही. फक्त त्यांना एकदा सांगावं लागतं की ही वाटही आहे.